सभासद नसलेला प्रो

न्यू जर्सीतले वेस्ट विंडसर मराठी माणसाला आज ठाऊक असते ते प्रिन्स्टन जंक्शनमुळे. न्यूयॉर्कला नोकरीसाठी जाणारे सकाळी ज्या स्टेशनावर गाडी पकडतात ते याच गावात आहे, आणि चांगल्या शाळांपायी ज्या भागात भारतीय कुटुंबांनी घरे घेतली त्यात हे गाव वरच्या क्रमांकावर आहे. १७९७ साली जुन्या विंडसरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा हा सगळा शेतीचा मुलूख होता. अमेरिकेच्या लोकस्मृतीत गाव आले ते १९३८ साली, ऑर्सन वेल्सच्या नभोनाट्यातले मंगळवासी गावाच्या ग्रोव्हर्स मिल या वाडीत उतरले तेव्हा. गोल्फच्या इतिहासात वेस्ट विंडसरला म्हणावे असे स्थान नाही. मात्र गोल्फची मैदाने इथे आहेत, आणि ती कोणा श्रीमंत मंडळाची नाहीत. मर्सर ओक्स आणि प्रिन्स्टन कंट्री क्लब ही दोन्ही मैदाने काउंटीच्या उद्यान विभागाची आहेत. दुसऱ्याच्या नावात ‘कंट्री क्लब’ असले तरी पैसे भरून कोणालाही तिथे खेळता येते. शेजारच्या प्रिन्स्टनमधला स्प्रिंगडेल हा जुना क्लब मात्र सभासदांचा. दोन्ही प्रकारच्या मैदानांत अंतर थोडे, पण व्यावसायिक गोल्फपटूच्या आयुष्याचा इतिहास लिहायचा झाला तर मला हाच भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळाडूचे कौशल्य एका दिवसाचा निकाल ठरवते. त्याची कारकीर्द ठरते ती पायाखालची जमीन कोणाची आहे यावर. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा वेस्ट विंडसरहून ईशान्येला, तासाभराच्या वाटेवरच्या स्कॉच प्लेन्स गावात सापडतो. तिथे जॉन शिपेन या माणसाने उतारवयाची तीसेक वर्षे एका क्लबचा ‘प्रो’ म्हणून काढली.

‘प्रो’ हा शब्द आज आपण ऐकतो तो टायगर वुड्सच्या काळातला, कोट्यवधी डॉलरचा वास असलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रो म्हणजे क्लबचा पगारी नोकर होता. सभासदांना शिकवायचे, लाकडी दांड्यांचे क्लब घडवायचे आणि दुरुस्त करायचे, हिरवळ राखायची, खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींवर देखरेख ठेवायची, आणि वर्षातून एखाद-दोन स्पर्धांत खेळून क्लबचे नाव राखायचे, असे ते काम होते. ही मंडळी बहुतेक स्कॉटलंड-इंग्लंडहून आलेली असत. हौशी खेळाडू सभ्य गृहस्थ मानला जाई आणि व्यावसायिक हा कारागीर. त्याला क्लबहाउसच्या पुढच्या दाराने प्रवेश नसे. १९२० साली टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाउस खुले केले, ही त्या काळी बातमी होती. म्हणजे गोऱ्या प्रोलाही पायरी ओळखूनच वागावे लागत होते. शिपेनची गोष्ट या पायरीच्याही खालून सुरू होते.

त्याचा जन्म डिसेंबर १८७९ मधला, वॉशिंग्टनचा. वडील कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. त्यांची नेमणूक न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, शिनेकॉक या मूळ रहिवाशांच्या राखीव वसाहतीत झाली आणि कुटुंब तिथे गेले. १८९१ साली त्याच परिसरात शिनेकॉक हिल्स हा गोल्फ क्लब उभा राहिला. जमीन सपाट करण्याचे आणि मैदान घडवण्याचे काम वसाहतीतल्या मजुरांनी केले आणि त्यांचीच मुले पुढे कॅडी झाली. शिपेन त्यांच्यातला एक. क्लबचा स्कॉटिश प्रो विली डन याने त्याला खेळ शिकवला, आणि पोरगा इतका तयार झाला की तो स्वतःच सभासदांना शिकवू लागला. त्याच्या एका भावाने येल विद्यापीठाची पदवी घेतली आणि तो शिक्षक झाला. म्हणजे उपदेशकाच्या घरात पुस्तकाची वाट माहीत होती. जॉनने मैदानाची निवडली, आणि ज्या मैदानावर तो निष्णात झाला ते त्याचे कधीच नव्हते.

१८९६ साली दुसरी यूएस ओपन याच शिनेकॉक हिल्सवर ठरली. सभासदांच्या आग्रहाने सोळा वर्षांच्या शिपेनचे आणि ऑस्कर बन या शिनेकॉक तरुणाचे नाव नोंदवले गेले. परदेशातून आलेल्या व्यावसायिकांनी हरकत घेतली: ही दोन पोरे खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही. तेव्हा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष होते साखरसम्राट थिओडोर हॅवमायर. त्यांनी कळवले की तुम्ही गेलात तरी स्पर्धा होईल, मग ती या दोघांतच झाली तरी बेहत्तर. बंडखोर निमूटपणे खेळले. छत्तीस होल एकाच दिवशी खेळायचे होते. पहिल्या फेरीत शिपेनने ७८ फटके घेतले आणि तो आघाडीच्या जवळ राहिला. दुसऱ्या फेरीत तेराव्या होलवर त्याचा चेंडू वाळूच्या रस्त्यावर गेला, आणि तिथून सुटता सुटता त्या एका होलवर अकरा फटके खर्ची पडले. शेवटी त्याचे १५९ झाले; विजेता जेम्स फाउलिस १५२ वर होता. फरक सात फटक्यांचा. त्या होलवर त्याने चार फटके घेतले असते तर बरोबरी झाली असती, हे कागदावर दिसतेच. तरीही सहा-सात जणांच्या पहिल्या तुकडीत आलेला हा मुलगा अमेरिकेत जन्मलेला पहिला व्यावसायिक गोल्फपटू मानला जातो. पुढे १८९९, १९००, १९०२ आणि १९१३ साली तो पुन्हा ओपन खेळला, आणि १९०२ साली गार्डन सिटीत पाचव्या क्रमांकाच्या बरोबरीत आला.

हॅवमायरांचा हा प्रसंग अमेरिकी गोल्फच्या पुस्तकांत अभिमानाने सांगितला जातो, आणि माझ्या प्रतिपादनावरचा पहिला आक्षेप त्यातूनच निघतो. एका उदार माणसाने नियमाचा आग्रह धरला आणि दार उघडले, मग मालकीची चर्चा कशाला? या कथेची एक दुसरी आवृत्तीही प्रचलित आहे. तिच्यानुसार शिपेन अर्धा शिनेकॉक आहे, पूर्ण कृष्णवर्णीय नाही, असे सांगून विरोध शांत करण्यात आला. शिपेनच्या मुलीने पुढे हे ठामपणे नाकारले; आई-वडील दोघेही कृष्णवर्णीयच होते. त्या दिवशी कोण काय बोलले याचा निवाडा आज करण्यात अर्थ नाही. दोन्ही आवृत्त्यांत समान असलेली गोष्ट अधिक बोलकी आहे: प्रवेश मिळाला तो अध्यक्षांच्या शब्दावर. हॅवमायर पुढच्याच वर्षी वारले. त्यांचा शब्द कुठल्याही घटनेत उतरला नव्हता, त्यामुळे तो त्यांच्याबरोबर गेला. शिपेन मेडस्टोन, अ‍ॅरोनिमिंक अशा काही क्लबांत प्रो म्हणून राहिला. या नोकऱ्या सभासदांच्या मर्जीवरच्या होत्या आणि मर्जीबरोबर बदलत राहिल्या.

याच सुमारास पुण्यात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. क्रिकेटपटू पळवणकर बाळू शिपेनपेक्षा तीनेक वर्षांनी मोठे. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पूना क्लबात खेळपट्टी झाडून-लोटून राखायच्या कामाला होता आणि गोऱ्या साहेबांना, विशेषतः जे. जी. ग्रेग यांना, नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करी. बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. तरी त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली, आणि पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले. घेतले म्हणजे मैदानावर घेतले. चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून ते युरोपियनांविरुद्ध खेळले, १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर इंग्लंडला जाऊन शंभरावर बळी घेऊन आले, आणि तरीही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही; ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. सेवेच्या दाराने खेळात शिरलेले हे दोघे समकालीन. पण बाळूंच्या बाबतीत एक गोष्ट होती जी शिपेनकडे नव्हती. हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते, आणि बाळूंवाचून ते जमणार नव्हते. सवर्ण संघाची गरज त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ती गरज स्वार्थी होती आणि चहाच्या भांड्यापाशी थांबत होती, तरी धर्मवार संघांच्या त्या तिरंगी-चौरंगी सामन्यांत ती दरवर्षी नव्याने जागी होत होती. गोल्फमध्ये संघ नाही. शिपेन जिंकला असता तर कोणाचा झेंडा फडकला असता? स्पर्धेत प्रत्येक जण एकटा, आणि एकट्याच्या हरण्याने कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून गोल्फमध्ये गुणवत्तेला पाठीराखा लागतो तो मैदानाच्या मालकीतून, दुसरीकडून तो मिळत नाही.

१९१६ साली व्यावसायिकांनी आपली संघटना काढली, पीजीए. कालच्या नोकरांची ही एकजूट होती आणि तिने पायरीवरच्या माणसाला खरोखर वर आणले. पण वर चढताच तिने मागचे दार लावून घेतले. १९३४ साली सभासदत्व ‘कॉकेशियन’ वंशाच्या व्यावसायिकांपुरते ठेवणारे कलम तिच्या नियमांत आले. न्यू जर्सीतल्याच ड्यूई ब्राउनचे उदाहरण यात सर्वांत बोचरे आहे. मॅडिसन गावी कॅडी म्हणून सुरुवात केलेला हा माणूस क्लब घडवणारा पट्टीचा कारागीर होता. वर्णाने उजळ असल्यामुळे १९२८ साली तो पीजीएचा सभासद होऊन गेला. १९३४ साली त्याचे सभासदत्व कारण न देता काढून घेण्यात आले. खेळ तोच, हात तोच, सहा वर्षांचा वर्गणीदार तोच. फक्त कातडीची चौकशी झाली. सभासदत्व नाही म्हणजे स्पर्धांचे निमंत्रण नाही आणि चांगल्या क्लबांतल्या नोकऱ्याही नाहीत. शिपेन तेव्हा पंचावन्नच्या घरात होता, त्याच्या स्पर्धा संपल्या होत्या, म्हणून या कलमाने त्याचे काय बिघडवले असे कोणी विचारील. पण प्रोचा पोटापाण्याचा धंदा वयाच्या पन्नाशीनंतरच भरास येतो: शिकवणे, दुकान, क्लबची व्यवस्था. नेमके तेच या कलमाने गोऱ्यांसाठी राखून ठेवले.

शिपेनला ते मिळाले ते स्कॉच प्लेन्सच्या शेडी रेस्टमुळे. १९२१ साली कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांच्या एका कंपनीने गोऱ्यांचा जुना कंट्री क्लब, नऊ होलच्या मैदानासह आणि शेतघरातून वाढवलेल्या क्लबहाउससह, विकत घेतला. कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवलेला हा देशातला पहिला कंट्री क्लब समजला जातो. १९२५ साली इथे कृष्णवर्णीय गोल्फपटूंची राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि पुढे अशा स्पर्धांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. टेनिस होते, घोडेस्वारी होती, ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी इथे वाजवून गेले. शिपेन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे प्रो म्हणून आला आणि क्लबहाउसच्या माडीवर राहू लागला. शिकवणे आणि हिरवळ राखणे दोन्ही त्याच्याकडे होते. इथे त्याला काम देणारे आणि त्याच्याकडून शिकणारे एकाच बाजूचे होते.

इथे सावध राहायला हवे. शेडी रेस्टही खाजगी क्लबच होता. डॉक्टर, वकील, व्यापारी अशा सुस्थितांचा. न्यूअर्कच्या कारखान्यातला मजूर तिथे सहज येत नसे. मंदीत तो कर्जात बुडाला, १९३८ साली थकलेल्या करापोटी गावाच्या ताब्यात गेला, आणि पुढची पंचवीसेक वर्षे भाड्याने चालला. १९६४ साली गावाने मैदान स्वतःकडे घेऊन सर्वांना खुले केले, नाव बदलून स्कॉच हिल्स केले. मैदान सार्वजनिक होताच सगळे सुरळीत झाले असे सांगणे सोयीचे असले तरी खरे नाही. सार्वजनिक होताना ज्यांनी ते उभे केले त्यांची संस्था विसर्जित झाली आणि शिपेनचे पर्वही संपले. १९६८ साली न्यूअर्कमध्ये तो वारला.

तरीही सार्वजनिक मालकीचा मुद्दा मी सोडत नाही, कारण पीजीएचे कलम मोडले ते त्याच तरफेने. आधी हे मान्य करू की सरकारी मैदाने जन्मतःच न्यायी नव्हती. दक्षिणेत महापालिकांच्या मैदानांवर कृष्णवर्णीयांना बंदी होती आणि उत्तरेतही अलिखित अडथळे होते. फरक इतकाच की सरकारी मैदानाविरुद्ध कोर्टात जाता येत होते. अटलांटाच्या होम्स कुटुंबाने, डॉक्टर बाप आणि दोन मुलांनी, महापालिकेवर दावा केला आणि १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. क्लबाच्या कुंपणाआड हा कायदा पोचत नव्हता. मग तो कसा पोचला? बिल स्पिलर हा गुणी कृष्णवर्णीय खेळाडू पीजीएविरुद्ध १९४८ पासून झगडत होता. पोटासाठी लॉस एंजेलिसच्या एका क्लबात कॅडी म्हणून राबताना त्याने आपली हकिगत एका सभासदाला सांगितली, आणि त्या सभासदाने ती कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्या कानावर घालायला लावली. मॉस्क यांनी पीजीएला बजावले की वंशभेदाचे कलम राहिले तर राज्यातली सार्वजनिक मैदाने तुमच्या स्पर्धांना मिळणार नाहीत. संघटना खाजगी मैदानांचा आधार घेऊ लागली तेव्हा त्यांनी तिथेही कारवाईचा इशारा दिला. पीजीएने आधी पळ काढला: १९६२ ची आपली मोठी स्पर्धा लॉस एंजेलिसहून उचलून पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅरोनिमिंक क्लबात नेली. ज्या क्लबाने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी शिपेनला प्रो म्हणून ठेवले होते तोच हा क्लब, जागा तेवढी बदललेली. पण एकेका राज्याने हाच मार्ग धरला तर खेळायचे कुठे, हे संघटनेला कळून चुकले होते, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिने ते कलम काढून टाकले. अ‍ॅरोनिमिंकची ती स्पर्धा जिंकली गॅरी प्लेअर या दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या खेळाडूने. इतिहास कधी कधी इतका उघड टोमणा मारतो की लेखकाने बाजूला व्हावे.

कलम गेल्यावर चार्ली सिफर्ड पुढे आला. नॉर्थ कॅरोलिनातला हा जुना कॅडी पीजीएचा पहिला कृष्णवर्णीय पूर्ण सभासद ठरला तेव्हा चाळिशीला टेकला होता. १९६७ साली त्याने हार्टफर्डची आणि १९६९ साली लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकली. मास्टर्सचे निमंत्रण त्याला तरीही आले नाही. ती स्पर्धा भरवणारा ऑगस्टा हा खाजगी क्लब आहे आणि निमंत्रण त्याच्या हातात. तिथे पहिला कृष्णवर्णीय, ली एल्डर, १९७५ साली खेळला. शिपेनला पीजीएने सभासद करून घेतले ते २००९ साली, मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनी, स्पिलर आणि टेड रोड्स यांच्याबरोबर.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मैदाने खुली झाली, कलमे गेली, मग व्यावसायिक गोल्फमध्ये गरिबाघरची मुले वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती घटली. हे खरे आहे, आणि याचे कारण मालकीत नसून कामात आहे. कॅडी हा या धंद्याचा शिकाऊ उमेदवार होता. शिपेन, ब्राउन, सिफर्ड, आणि गोऱ्यांपैकी १९११ ची ओपन जिंकणारा मॅकडरमॉट, सगळे पिशवी वाहूनच खेळाच्या आत आले. क्लबांनी मैदानावर फिरायच्या छोट्या मोटारगाड्या आणल्या, कॅडी गेला, आणि फुकटात शिकण्याची ती एकमेव वाट बुजली. आता अमेरिकेत प्रो घडतो तो शिकवणीवर्ग, वयोगटांच्या स्पर्धा आणि विद्यापीठाची शिष्यवृत्ती यांतून. वेस्ट विंडसरच्या काउंटी मैदानावर शिकणाऱ्या मराठी मुलीला ही शिडी परवडते. तिला ती परवडते म्हणून सर्वांना परवडते असे नव्हे. भारतात कॅडीची परंपरा टिकली म्हणून इथला इतिहास वेगळा गेला. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीचा कॅडी होता. महूचा मुकेश कुमारही लहानपणी पिशव्या वाहूनच शिकला. देशांतर्गत शंभरावर स्पर्धा जिंकून त्याने २०१६ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, दिल्लीत पॅनासोनिक ओपन ही पहिली आशियाई स्पर्धा जिंकली. त्याच्या पुढच्या पिढीतला पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला, पण तो कॅडींच्या रांगेतून आलेला नाही. आपल्याकडेही शिडी बदलते आहे, आणि आपली बहुतेक मैदाने लष्कराची किंवा क्लबांची आहेत. सामान्य नागरिकाने तिकीट काढून खेळावे असे महापालिकेचे गोल्फ मैदान आपल्या शहरांत शोधूनच काढावे लागेल.